एसएसके, वायओ आणि आई

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. पत्र घरी न येता तुझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे दिसायला ठीक आहेत.

फोनवरच बोललो असतो, पण आपल्या दोन खोल्या तुला माहीत आहेत. मी इकडे खाकरलो की आई तिकडून 'पाणी देऊ का' म्हणते. आणि बोलायचं आहे ते आईबद्दलच.

बाबा गेल्यावर ती कशी झाली होती ते तू पाहिलंस. खिडकीपाशी त्या खुर्चीत बसायची ती बसायचीच. विचारलं तर 'हं', नाही विचारलं तर तेही नाही. तुझी वहिनी म्हणायची, भिंत परवडली, तिला निदान ओल तरी येते. मग गेल्या वर्षी तू तिला तो फोन देऊन गेलीस आणि तिने ट्रंकेतून लोकर आणि सुया काढल्या. आता जेवताना बोलते, वहिनीला चिडवते, काम करता करता गुणगुणतेसुद्धा. देवाने ऐकलं असं मी समजत होतो.

परवा तिचा फोन चार्जिंगला लावताना उघडाच होता. इंग्रजी निरोपांची रांग लागलेली. एक ओळ तुला उतरवून देतो: के टू, वायओ, एसएसके, मग चांदणीचं चिन्ह, पी टू, चांदणीपासून पुन्हा. खाली कुणीतरी लिहिलंय टीआयए. दुसरी कोणी म्हणते, माझा डीएच रागावला. आई चौथी शिकलेली. इंग्रजीत तिला स्वतःचं नावही लिहिता येत नाही. आणि ती या लोकांना उत्तरं देते, तीही असल्याच अक्षरांत.

त्याच आठवड्यात ती शिंप्याच्या मुलीबरोबर पोस्टात जाऊन आली. हातात चपटं पाकीट, परदेशचा पत्ता चिकटवलेला. काय आहे म्हटलं तर म्हणाली, "एका घरी पाठवायचंय." कुणाच्या घरी? "आहे एक." वाकडं वाटेल तुला, पण पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं, मी आत पाहिलं. विणलेला एक चौकोन. तळहाताएवढा. ना टोपी, ना मोजा, कुणाच्या कसल्या उपयोगाचा नाही.

माझा जन्म गेला गोदामात नग तपासण्यात. ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही, तिच्याखाली दुसरी वस्तू असते, एवढं मी शिकलो आहे. माझा संशय खरा असेल तर आई फसते आहे. आणि खोटा असून मी तिचा फोन काढून घेतला, तर ती पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल आणि यावेळी उठणार नाही. या दोन्हींच्या मध्ये अडकलो आहे. तुला काही माहीत असेल तर कळव. उत्तर गोदामाच्या पत्त्यावर पाठव.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र शिपायाने सगळ्यांसमोर आणून दिलं. आमच्या बाई म्हणाल्या, "हल्ली पत्रं कोण लिहितं? यजमानांना माहीत आहे ना?" आता मला दुपारी डबा खाताना टोमणे ऐकावे लागतात.

अरे, अक्षरांना काय घाबरायचं? इथे दिवसभर दुसरं आहे काय. सीबीसी, ईएसआर, एलएफटी. मागे एका आजोबांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'एनएडी' लिहिलं, तर त्यांनी मोठं दुखणं निघालं म्हणून दोन्ही मुलांना कामावरून बोलावून घेतलं. बिचारे बाकावर रडत बसले होते. त्याचा अर्थ फक्त 'काही वावगं आढळलं नाही'. आणि तू स्वतः काय केलंस? पत्राच्या पहिल्या ओळीत मला 'चि.' केलंस. मी तुला 'ती.' केलं. परका माणूस वाचेल तर म्हणेल, ही कसली टोळी आहे, एक चि. आणि एक ती.

ते विणकामाचे टाके असणार. लोक फोनवर गट करून विणतात, फुलझाडं लावतात, पतंग करतात, आणि प्रत्येक गटाची आपली अक्षरं असतात. डीएच म्हणजे त्या बाईंच्या खात्याचा मुख्य असेल बहुतेक. तू सुतावरून स्वर्ग गाठायला निघाला आहेस.

चौकोनाचं मात्र मलाही कळलं नाही. ते तिला विचार की. समोर बस आणि विचार, "आई, हे कुणासाठी?" तोंड दिलंय देवाने. आणि हे बघ, फोनला हात लावू नकोस. माझी शपथ.

पत्ता मागणारं वगैरे कुणी दिसलं होतं का तुला? सहज विचारते.

तुझी,
धाकटी


१ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तू सहज विचारलंस, पण मी ते सहज वाचलं नाही. पत्त्याबद्दल मी लिहिलंच नव्हतं. तुला ते कसं सुचलं?

आईला विचारलं. ती सुईवर टाके मोजत होती. मोजणं संपेपर्यंत मला उभं ठेवलं आणि म्हणाली, "कुणासाठी ते शेवटी कळतं." म्हणजे काय? तर म्हणे, "काय होणार तेच अजून माहीत नाही, तर कुणासाठी ते कसं सांगू?" माणूस विणतोय आणि काय विणतोय ते त्याला माहीत नाही, असं तू कधी ऐकलं आहेस? मोजा विणणारा मोजा विणतो.

म्हणून ती वहिनीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली तेव्हा मी फोन पाहिला. तुझी शपथ मोडली. देवाकडे त्याची क्षमा मागितली आहे, तुझ्याकडेही मागतो.

काय दिसलं ते सांगतो. एक बाई आहे, सगळे तिचं ऐकतात. ती दर शुक्रवारी अक्षरांचा एक तुकडा पाठवते, त्याला क्लू म्हणतात. सोबत ताकीद, कुणी पुढचं फोडू नये. सगळे तेवढंच करतात आणि पुढच्या शुक्रवारची वाट बघतात. माल सुटा सुटा पाठवून शेवटच्या माणसाखेरीज कुणाला पूर्ण वस्तू कळू द्यायची नाही, ही रीत कुणाची असते ते आमच्या गोदामातला हमालही सांगेल.

दुसरं. आईने त्यांना एक चित्रफीत पाठवली आहे. तिच्यात आईचा चेहरा नाही. फक्त हात, दहा बोटं, अगदी जवळून. खाली पंचवीस-तीस जणांनी अंगठे उठवलेत. हल्ली बँकेत आणि रेशनवर बोटांनीच ओळख पटवतात. त्या लोकांना आईच्या बोटांत एवढा काय रस?

आणि तिसरं. त्या मुख्य बाईने आईचा पत्ता मागितलेला आहे, आणि तो दिलेला आहे. इंग्रजीत, बिनचूक, पिनकोडासकट. आईला तो लिहिता येत नाही. मग कुणी लिहिला?

मागे आमच्याकडे एक गिऱ्हाईक असंच कापडाचे नमुने पाठवायचं. लहान लहान, निरुपयोगी. आत काय दडवलंय ते सहा महिने कुणी पाहिलं नाही. पुढे पोलीस आले तेव्हा पावत्यांवर सही माझ्या हाताखालच्या माणसाची होती. तो बिचारा अजून कोर्टात खेटे घालतो. घरात ते होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

जे करायचं ते मी केलं आहे. जास्त विचारू नकोस.

दादा


९ मार्च

ती. दादास,

काय केलंस?

आईचा फोन लागत नाही. वहिनीच्या फोनवर बोलले, तर आई म्हणाली, "बरी आहे." पुढे काही विचारलं की "हं." दादा, तो हं मी ओळखते. दोन वर्षं ऐकला आहे.

आता ऐक, मला आधीच सांगायला हवं होतं. पत्ता मी लिहिला. त्या गटात आईचं नाव मी घातलं, ती माझ्याकडे महिनाभर राहायला आली होती तेव्हा. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच "कोण लोक, कुठले लोक" सुरू केलं असतंस. केलंसच.

सगळे म्हातारे आहेत त्यात. दहा देशांतले. धड इंग्रजी फार थोड्यांना येतं, म्हणून ती अक्षरं. आईला पहिल्या दिवशी मी शिकवायला बसले, तर मलाच जमेना. मी प्रत्येक अक्षराचा इंग्रजी शब्द शोधत बसले. तिने शब्द शोधलाच नाही. "हे अक्षर म्हणजे हा हात असा," एवढंच म्हणाली आणि विणायला लागली. के म्हणजे सुलट टाका, पी म्हणजे उलट, वायओ म्हणजे सुईवर नुसती लोकर घ्यायची, तिथे भोक पडतं. टाक्यांची अक्षरं तिला आली. गप्पांची यायची नाहीत. सगळे निरोपाखाली टीआयए लिहितात, म्हणजे आगाऊ आभार. तिला वाटायचं ते त्यांचं नाव आहे. मला म्हणाली, "एकाच नावाच्या किती बायका गं."

आणि डीएचबद्दल मी तुला मुद्दाम खोटं लिहिलं. त्याचा अर्थ लाडका नवरा. मी तिला सांगितलं तेव्हा पदराने तोंड झाकून हसली. दुसऱ्या दिवशी तिने मला लिहायला लावलं, "माझा डीएच लोकरीची लड दोन्ही हातांवर धरून बसायचा, मी गुंडा करायची. आता खुर्चीच्या पाठीला लावते." बाबांबद्दल ती त्याआधी माझ्याशीही बोलली नव्हती. ते त्यांचं दोघांचं होतं, म्हणून तुला सांगावंसं वाटलं नाही.

क्लू म्हणजे तुकड्या तुकड्याने नमुना. शेवटी काय होतं ते बघायची गंमत, एवढंच. फोन तिला परत दे. आजच्या आज.

धाकटी


२२ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला खिशात हात घातला तर सापडेना. सदरा धुण्यात गेला होता. मग पत्र मला कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांवर मिळालं, नीट वाळलेलं आणि घडी घातलेलं. वहिनी म्हणते, तिने ठेवलं नाही.

आता खरं लिहितो. तिचं त्या गटातलं खातं मी बंद केलं. यंत्राने दोनदा विचारलं, कायमचं बंद करायचं का. दोन्ही वेळा हो म्हटलं. फोन माझ्या गोदामातल्या खणात आहे. आईला सांगितलं, दुरुस्तीला दिला आहे. तिने "बरं" म्हटलं. बस्स, तेवढंच.

तुला राग आला, पण तुझ्यावरही माझा राग आहे. आईचा पत्ता तू परक्यांना दिलास आणि माझ्यापासून लपवलास. चौकोनांचं तुला माहीत नव्हतं म्हणतेस, तेही आता मी अर्धंच खरं मानतो. नातं आपलं असं झालं याचं वाईट वाटतं, पण वाटतं ते लिहिलं.

दोन गोष्टी घडल्या आहेत. पहिली, आईची. ती सकाळी विणायला बसते. चांगलं वीतभर विणते. दुपारी सगळं उसवते, लोकर गुंडाळते. दुसऱ्या दिवशी तेच वीतभर, पुन्हा उसवणं. वहिनीने विचारलं, चुकलं का? म्हणाली, "नाही." मग उसवता का? म्हणाली, "पुढचं नाही." मला भीती वाटते की तिचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. पाठीला लोकर अडकवलेली ती रिकामी खुर्ची बघून मला घरात जेवण जात नाही.

दुसरी गोष्ट. खातं बंद केल्यावर सगळं थांबायला हवं होतं ना? उलट सुरू झालं. घरी पाकिटं यायला लागली. पहिलं माझ्याच हाती पडलं म्हणून बरं. मग डिलिव्हरीवाल्याला सांगितलं, आमच्या घरची सगळी पाकिटं गोदामात देत जा. तो ओळखीचा आहे. आठवड्याला चार-पाच येतात. वेगवेगळे देश, वेगवेगळी अक्षरं, आत एकच माल. विणलेला चौकोन, तळहाताएवढा. काट्यावर वजन केलं. उजेडापुढे धरले. एकाची कड कापून पाहिली, आत काही नाही.

प्रत्येकात एक चिठ्ठी. ना नमस्कार, ना नाव. सगळ्यांवर एकच खूण, एसएसके. फक्त एका पाकिटात, त्या मुख्य बाईच्या, लांबलचक कागद आहे, वरपासून खालपर्यंत अक्षरं आणि चांदण्या. माझी खात्री आहे की खरा माल तो कागद आहे. त्याची नक्कल सोबत पाठवतो.

एकाच वेळी इतक्या देशांतून, ठरवल्यासारखं. विणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या असं करतात का? तूच सांग.

रोज सकाळी देवाचं नाव घेतो, पण मन लागत नाही. डोळे मिटले की चौकोन दिसतात.

दादा


३० मार्च

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र वाचून मी त्या गटात माझ्या नावाने गेले आणि मुख्य बाईंना विचारलं. त्यांचं उत्तर यायला दोन दिवस लागले. त्यांनी आधी मला विचारलं, तुम्ही तिच्या कोण. मुलगी म्हटल्यावर लिहिलं. आता बसून वाच.

गटातले बहुतेक सत्तरीच्या पुढचे. कुणी ना कुणी जातच असतं. घरचे लोक गटाला कळवत नाहीत, त्यांना ठाऊकच नसतं. काही दिवसांनी मुलं फोन साफ करतात, खातं बंद होतं. अर्धं विणलेलं तसंच राहतं. म्हणून यांच्यात एक रीत पडली आहे. विणकाम अर्ध्यावर असताना, निरोप न घेता कुणाचं खातं बंद झालं, की ते माणूस गेलं असं समजायचं. घरी विचारायचं नाही, घरच्यांना त्रास नको. प्रत्येकाने एक चौकोन विणून त्या घरी पाठवायचा, त्या माणसाकडून जे शिकलो त्या टाक्याचा. पत्ते आधीच मागून ठेवतात ते त्यासाठीच. चिठ्ठीवर फक्त त्या टाक्याची खूण. दुःखाचं इंग्रजी कुणालाच नीट येत नाही, म्हणून तेवढंच.

दादा, ते आईला गेलेली समजतात.

एसएसके आईने त्यांना शिकवला. ती बोटांची चित्रफीत त्याचीच होती. दोन टाक्यांचा एक करायचा असतो. आई ते असं करते की एक टाका दुसऱ्याच्या खांद्यावर टेकल्यासारखा बसतो, मध्ये फट राहत नाही. ते तिच्याइतकं सुबक कुणाला जमत नव्हतं म्हणे. तिने फेब्रुवारीत जो चौकोन पाठवला, तो अशाच एका गेलेल्या बाईंच्या घरी. तेव्हा तीही त्या रांगेत होती.

तो लांब कागद म्हणजे राहिलेला नमुना, शेवटपर्यंत. घरात कुणाला तिचं अर्धं राहिलेलं पूर्ण करावंसं वाटलं तर असू दे, म्हणून मुख्य बाई तो नेहमी पाठवतात. आई उसवते कारण तिच्याकडे पुढचा तुकडा नाही. डोकं ठिकाणावर आहे तिचं. विसरू नये म्हणून हात चालू ठेवते आहे.

मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आई जिवंत आहे हे तिनेच सांगायला हवं असं मला वाटलं. पण त्याआधी आईला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते मी सांगणार नाही. तू संशयाने बघत राहिलास, मी लपवत राहिले, आणि आईवर लपवाछपवीचा आळ घेत दोघंही चोरून पत्रं लिहीत बसलो. आपल्यापेक्षा त्या म्हाताऱ्या सरळ.

धाकटी


६ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद. चौकोनांची पिशवी आठवड्यात दोनदा घरापर्यंत नेली आणि तशीच गोदामात परत आणली. "तुझ्या माणसांनी तुला मेलेली ठरवली, आणि ते माझ्यामुळे," हे कोणत्या शब्दांत सांगायचं? काल तिने स्वतःच विचारलं, "काही म्हणायचंय का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बरं," आणि आत गेली.

तिच्या त्या बरं-मध्ये काहीतरी होतं. तिला ठाऊक आहे असा मला संशय येतो. संशय घेतल्याशिवाय मला आता श्वासही घेता येत नाही, असं झालं आहे.

आत्ता गोदामात डाक आली. एक पाकीट माझ्या नावाचं आहे. त्यावर शिक्का आपल्याच गल्लीतल्या पोस्टाचा, आणि अक्षर बघून माझे हात थांबले आहेत. वाचतो आणि तुलाही धाडतो.

दादा


४ एप्रिल

चि. थोरल्यास,

आईचा आशीर्वाद. तू घरात बोलत नाहीस, पत्रात बोलतोस, म्हणून मीही पत्र लिहायला घेतलं. तुझ्या गोदामाचा पत्ता भाजीच्या पिशवीवर छापलेला आहे, तो शिंप्याच्या मुलीकडून उतरवून घेतला. हात चौथीचा आहे, समजून वाच.

सदरा धुताना धाकटीचं पत्र मिळालं होतं. वाचलं नाही. तुमचं तुमच्यात असेल म्हणून वाळवून ठेवलं. फोन दुरुस्तीला नाही हेही कळलं होतं. फोन दुरुस्त करणारा आपल्या खालीच राहतो, त्याच्याकडे तो आलाच नाही.

तुझ्यावर रागावले होते. पण तू लहानपणी कुणी खाऊ दिला तरी आधी हुंगून बघायचास. बाबा म्हणायचे, हा मोठा झाल्यावर विष तपासायला राजाकडे नोकरी करील. तुझा स्वभाव तो. माझ्यासाठी हुंगलास, एवढं मला कळतं.

गेल्या सोमवारी डिलिव्हरीवाला नवीन होता. त्याने एक पाकीट मला दिलं आणि म्हणाला, बाकीची सगळी गोदामात जातात, आजी. मी उघडलं. चौकोन होता आणि चिठ्ठीवर एसएसके. मी किती घरी असे चौकोन पाठवलेत ते माझ्या हातांना माहीत आहे. त्यामुळे मला काय झालं ते लगेच कळलं. तुम्ही माझ्या नावामागे कै. लावायला अजून वेळ आहे, त्यांनी आधीच लावलं.

आधी रडू आलं. मग हसू आलं. मग खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. टाका माझ्यासारखा टेकवायला बघितला आहे तिने, पण थोडा ओढला गेलाय. तरी तिसऱ्या ओळीनंतर जमला आहे. आपण गेल्यावर आपलं काय राहतं ते कुणाला बघायला मिळतं? मला मिळालं. तू केलंस ते चुकीचं केलंस, पण मला हे दाखवलंस. देव कुणाच्या हातून काय दाखवील, सांगता येत नाही.

आता काम सांगते. त्या सगळ्या जणी माझ्यासाठी विणत बसल्या आहेत, डोळ्यांतून पाणी काढत असतील. त्यांना कळवायचं आहे. जिवंत असल्याची खूण त्यांच्या अक्षरांत नाही, कारण अजून कुणी परत आलेलं नाही. म्हणून मी ठरवलंय, राहिलेलं पूर्ण करायचं आणि त्याचा फोटो टाकायचा. मेलेल्याचं विणकाम पुढे सरकत नसतं, त्यांना कळेल. माझं खातं तू पुन्हा उघडून दे. आणि फोटो टाकल्यावर खाली तू लिही, थोरल्याकडून चूक झाली. ते इंग्रजी तुझं तू बघ.

पुढच्या ओळींचा लांब कागद तुझ्याकडच्या पाकिटांत असेल. मुख्य बाई नेहमी घालते. चौकोनही घेऊन ये. एखादा कापला असशील तर तोही आण, सांधता येतो. मला फक्त कुठे कापलास ते सांग.

माझ्याकडची लोकर संपत आली आहे. नवीन आणली आहे, पण ती लडीत आहे, गुंडा करायचा आहे. खुर्चीच्या पाठीला लावून करते मी, पण खुर्ची हात हलवत नाही. लोकर सुटते तसा धरणाऱ्याने हात जरा इकडे जरा तिकडे कलवायचा असतो, नाहीतर गुंता होतो. बाबांना ते न सांगता जमायचं. तुला सांगावं लागेल.

रविवारी तुला सुट्टी आहे. दोन्ही हात पुढे करून बस. दोन्ही हात अडकलेले असले की माणूस काही तपासत नाही. बोलायचं नसलं तरी चालेल.

आई